मामंजींचं गाऱ्हाणं वायरीवरून

माझे सासरे सोनबा गावाचं गाऱ्हाणं घालतात. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला आमची वाडी आहे आणि वाडीच्या वरच्या टोकाला भैरीचं देऊळ. देवापुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्या गावाच्या वतीने त्याच्याशी मोठ्याने बोलायचं, कुणाचं काय अडलंय, कुणाला काय हवंय ते त्याच्या कानावर घालायचं, याला आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. एक ओळ संपली की ऐकणाऱ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. तो हुंकार. हुंकार आल्याशिवाय पुढची ओळ म्हणत नाहीत. हा मान आमच्या घराकडे आहे. मामंजींच्या आधी तो त्यांच्या वडिलांकडे होता.

घरात मामंजी फारसे बोलत नाहीत. आमटीत मीठ कमी पडलं तर ते मिठाच्या बरणीकडे बघतात, आपण समजून घ्यायचं. देवळात मात्र नारळ हातात घेतला की त्यांचा आवाज पोटातून येतो. चढवलेला नसतो, तरी खालच्या वाडीपर्यंत जातो. गावातली निम्म्याहून जास्त घरं मुंबईला असतात, पण कुठल्या घरात लग्न जमत नाही आणि कुठल्या घरात आजारपण आहे हे त्यांना पाठ असतं. काही लिहून ठेवत नाहीत. आणि वाटेल ते देवाला सांगतही नाहीत. विक्रोळीच्या एकाने एकदा निरोप पाठवला होता की नव्या बिल्डिंगीत खोली चौथ्या मजल्यावर लागतेय, ती खाली लागावी म्हणून गाऱ्हाणं घाला. मामंजींनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "त्याला म्हणावं, जिन्यानं चढ. ह्याच्यासाठी देवाला उठवायचा नाय."

त्यांच्या डाव्या हाताला माझा नवरा दीपक उभा राहायचा. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. अमावास्या असो नाहीतर सण, तो पाळी बदलून घ्यायचा आणि देवळात हजर असायचा. पहिला हुंकार त्याचा, मग मागून बाकीच्यांचा. आवाज तसा बारीकच होता, पण वेळ चुकायची नाही. मी बायकांबरोबर पायरीवर उभी असायचे, मला त्याची पाठ दिसायची. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात कामावरून येताना हायवेवर मोटारसायकल घसरली. तो गेला.

मला रोज दोन ओळी लिहून ठेवायची सवय आहे. त्या महिन्यांतलं आता वाचलं तर दूध तापवलं, तांदूळ निवडले, पोथीचा अध्याय झाला, एवढंच दिसतं. पूजा एक दिवस चुकली नाही. काय मागितलं ते आठवत नाही. बहुतेक काही मागितलं नसावं.

फोनवरून गाऱ्हाणं ऐकवायची पद्धत टाळेबंदीत सुरू झाली. मुंबईच्या लोकांना येता येत नव्हतं, म्हणून दीपक देवळाच्या खांबाला मोबाईल बांधायचा आणि तिकडे दहा-बारा घरं एकदम ऐकायची. टाळेबंदी संपली तरी पद्धत राहिली. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, फोन लावला की झालं. तेव्हाही तिकडचे हुंकार मागेपुढे यायचे, पण कुणाचं बिघडत नसे, कारण पहिला हुंकार इथल्या इथे मिळायचा. दीपक गेल्यावर तो राहिला नाही. मामंजी सोडले तर वाडीत पुरुषमाणसं उरली आहेत दोन. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा बरेचदा वरंधला लेकीकडे असतो. त्यामुळे हुंकार काय तो फोनमधून यायचा तेवढाच.

आणि तो धड येत नव्हता. मामंजी ओळ म्हणायचे आणि थांबायचे. तिकडून 'होय' यायचं आणि 'म्हाराजा' पुढच्या ओळीवर येऊन पडायचं. कधी सगळं एकदम गप्प. मग कुणीतरी म्हणायचं, "हॅलो, हॅलो, काका, आवाज येतोय का?" देवापुढे हॅलो हॅलो. घाटकोपरच्या एका बाईच्या ऑपरेशनचं गाऱ्हाणं असंच मध्ये तुटलं, तर तिच्या घरच्यांनी ऑपरेशनच पुढे ढकललं. डॉक्टर त्यांच्यावर रागावला म्हणे.

मग धोंडूभाऊंचा फोन आला. धोंडूभाऊ हे आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, मामंजींच्याच वयाचे, शाळेत दोघं एका फळीवर बसायचे. ते रागाने बोलले नाहीत. देवदिवाळीला मंडळाने हॉल घेतला आहे, सगळं गाव तिथे जमून गाऱ्हाणं ऐकणार आहे, तेव्हा तरी तुटायला नको, असं म्हणाले. आणि तुटलंच तर पुढच्या वेळेपासून त्यांच्या पुतण्याला, अक्षयला सांगावं असं मंडळाचं मत पडतंय. अक्षय आमच्याच खालच्या वाडीतला, महाडला कंपनीत आहे, राहतोही तिथेच, आवाज चांगला आहे, मुंबईला येऊन हॉलमध्येच उभा राहील, म्हणजे फोनची भानगडच नको.

मामंजींनी "बरं" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मान एकदा घरातून गेला की परत येत नाही, हे तिथे कुणी बोललं नाही. नळावर मात्र बोलणं चालू होतं. दीपक गेल्यापासून देव सोनबाचं ऐकत नाही, म्हणून मध्येच तोडतो, असं एक जण माझ्यासमोरच म्हणाली. मी हंडा भरला आणि घरी आले.

सासूबाई, काशीबाई, त्या दिवशी चुलीपुढे बसून म्हणाल्या, "बैल इकलं त्यानं. शेतावर जायाचा बंद झाला. आंघोळ करून धोतर नेसतो तो एका गाऱ्हाण्याच्या दिवशी. ते गेलं तर हा मानूस उठायचा नाय गो, सरिता."

मी म्हटलं, फोनचं काहीतरी बघू.

मी आणि मामंजी एसटीने महाडला गेलो. बाजारातल्या दुकानदाराला सांगितलं की इंटरनेटवरून फोन केला की आवाज तुटतो. त्याने लगेच चार शिंगांचा राउटर काढला. याची रेंज पार रस्त्यापर्यंत जाईल म्हणाला. मामंजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "शिंगं चार आन् कान किती?" दुकानदार हसला. आम्ही तोच घेतला.

रेंज खरंच रस्त्यापर्यंत गेली. वाडीतली पोरंटोरं आमच्या ओट्यावर येऊन बसायची, ती आता रस्त्यावर बसूनही आमचं वायफाय वापरायला लागली. गाऱ्हाणं होतं तिथेच राहिलं. पुढच्या अमावास्येला तर 'होय म्हाराजा' दोनदा आलं, एकदा वेळेवर आणि एकदा तेच उशिरा.

दीपकचे धाकटे भाऊ राजेश मुंबईला कुरिअरच्या गोदामात आहेत. त्यांनी फोटो पाठवला एका राउटरचा, लाल-निळे दिवे लागणारा, गेम खेळणारी मुलं घेतात तो. "वहिनी, एकदम टॉपचा आहे, लॅगच नाही," म्हणाले. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं की ह्याला देवळात ठेवायचा का गणपतीच्या मखरात.

शेवटी मी बुद्धरत्नला बोलावलं. पोलादपुरातून वर आमच्याकडे येणारी इंटरनेटची लाईन तोच सांभाळतो. दीपकच्या वर्गातला. आमच्या घरी यायचा तेव्हा दोघांचं बोलणं म्हणजे एकमेकांना शिव्याच असायच्या. दीपक गेल्यानंतर तो पहिल्यांदाच आला. ओट्यावर बसलेल्या पोरांकडे बघून त्याने विचारलं की ही सगळी तुमच्याच लाईनवर का. मी हो म्हटलं.

तो म्हणाला, "मग शिंगं वाढवून काय होणार, वहिनी? कशेडी घाटात ट्रकांची रांग लागली की लहान गाडी मागे अडकते ना, तसं आहे हे. ही पोरं पिक्चर उतरवतात, ते ट्रक. सोनबातात्यांचा आवाज म्हणजे लहान गाडी. रस्ता रुंद केला तरी रांग रांगच. आपल्याला राउटर असा पाहिजे की आवाज आला की तो बाकीच्यांना बाजूला घेईल. ॲम्ब्युलन्सला देतात तशी वाट..." एवढं बोलून तो थांबला आणि चहाच्या कपाकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "बरोबर आहे. पुढे सांगा."

पुढे त्याने जे सांगितलं ते एवढंच. आवाजाला नेट फार लागत नाही, पण जे लागतं ते एकसारखं लागतं, पावसाच्या सरीसारखं थांबून थांबून आलेलं चालत नाही. आणि वायफाय देवळात पोचतं तेच मेलेलं पोचतं, कारण देवळाच्या भिंती दोन हात जाडीच्या. म्हणून राउटर बिनशिंगांचा, नुसत्या वायरीचा घ्यायचा. त्याच्यात आवाजाला पहिला नंबर लावून द्यायची सोय हवी. वायर घरातून देवळात न्यायची आणि तिच्या टोकाला टेबलावरचा फोन लावायचा, मोठ्या स्पीकरचा, इंटरनेटवरच चालणारा. त्याने दोन नावं सांगितली, त्यातला एक साधा काळा पत्र्याचा डबा होता. चार भोकं आणि एक हिरवा दिवा. दुसऱ्यात जास्त गोष्टी होत्या, पण आवाजाला पुढे घेण्याची सोय ह्याच्यासारखी सरळ नव्हती, म्हणून आम्ही डबा घेतला. मंडळाला चित्रही दिसायला हवं होतं. बुद्धरत्न म्हणाला चित्र म्हणजे पुन्हा ट्रक. धोंडूभाऊंनी फोनवर कुरकुर केली तर मामंजी म्हणाले, "बघायचं काम देवाचं. तुम्ही ऐका."

वायर देवळात न्यायची तर देवाला विचारायला हवं. मामंजींनी भैरीच्या छातीवर दोन ओली फुलं लावली, उजवं पडलं तर परवानगी. आम्ही हात जोडून बसलो. फूल काही पडेना. बुद्धरत्न बाहेर वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा. बऱ्याच वेळाने त्याने दारातून विचारलं, "तात्या, सुटलं का फूल? पोलादपुरात दुसरं गिऱ्हाईक थांबलंय माझं."

"तू हाक मार त्याला," मामंजी म्हणाले, "तुझं ऐकंल तो."

"माझा त्याच्याशी व्यवहार नाही. मी वायरीपुरता."

थोड्या वेळाने उजवं पडलं. बुद्धरत्नने चपला काढल्या, आत येऊन वायर खांबाच्या कडेने नेली, खिळे ठोकले आणि बाहेर गेला. नमस्कार केला नाही. मामंजींनी त्याला प्रसादाचं खोबरं दिलं, ते त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.

घरी आल्यावर आणखी एक प्रकार झाला. डबा देवघराशेजारी ठेवला होता. नवीन वस्तू म्हणून सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर अक्षता टाकल्या. तांदळाचा एक दाणा नेमका वायरीच्या भोकात गेला आणि हिरवा दिवा लागेना. बुद्धरत्नला पुन्हा यावं लागलं. त्याने माझ्याकडून सेफ्टीपिन मागून घेतली आणि दाणा बाहेर काढला. "काशीकाकू, पुढच्या खेपेला लांबूनच टाका," एवढंच म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "अक्षता लांबून टाकतात त्या लग्नात. ह्याचं लगीन लावलं का मी?"

मग त्याने तपासून दाखवलं. मी देवळात फोनपाशी, तो पोलादपुरात त्याच्या दुकानात. मी 'एक' म्हणायचं, त्याने 'दोन', मी 'तीन', असं. आधीच्या लाईनवर पाचाच्या पुढे आमचे आकडे एकमेकांवर चढायचे. आता आम्ही तीसपर्यंत गेलो. घरातल्या दुसऱ्या वायरीवर त्याने मुद्दाम एक पिक्चर चालू ठेवला होता, तरी कुठे अडकलं नाही. मी जे म्हणत होते त्याच्या लगेच पुढचा आकडा यायचा. तो शेजारी उभा आहे असं वाटत होतं. वायफाय मात्र आता नव्हतं. ओट्यावरची पोरं दोन-तीन दिवस येऊन बघून गेली, मग यायची थांबली.

खरी चाचणी राजेशभावजींबरोबर घ्यायची ठरली. रविवारी सकाळी ते घरात एकटेच बसले, मामंजी देवळात नारळ घेऊन उभे राहिले. मी फोनपाशी होते.

"बा भैरी म्हाराजा," मामंजी म्हणाले, "डोंगर तुझा, वाडी तुझी, तुझ्याच सावलीत आम्ही चूल मांडली."

"होय म्हाराजा." राजेशभावजींचा आवाज जागच्या जागी आला. इतका स्पष्ट की मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली तीही देवळात ऐकू आली.

मामंजी पुढे गेले नाहीत. त्यांची मान किंचित डावीकडे वळलेली होती. मी वाट बघितली. फोनमधून राजेशभावजींचा श्वास ऐकू येत होता. मग मामंजींनी पुढची ओळ घेतली. त्याही ओळीनंतर तसंच. हुंकार आला आणि ते उभेच राहिले, मान डावीकडे.

संपल्यावर ते म्हणाले, "अजून अडकतंच हाय गो. त्या बुद्धरत्नाला सांग." आणि नारळ घेऊन बाहेर गेले.

फोन चालूच होता. राजेशभावजी म्हणाले, "वहिनी, लाईन चांगली आहे ना?"

"चांगली आहे."

"मग ते दादासाठी थांबतायत."

लाईन इतकी चांगली होती की दोन्हीकडचं गप्प बसणं ऐकू येत होतं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात पन तसंच करतो. हात धुतला की हात पुढं धरून उभा ऱ्हातो, दीपक पंचा द्यायचा म्हनून. मी देते तर माझ्याकडं बघतो, कोन हाय म्हनून." त्यांचं म्हणणं पडलं की हे मामंजींना सांगायचं नाही. लाईन खराब आहे तर खराबच राहू दे, जुनी शिंगवाली पेटी परत लाव. लोकं लाईनला नावं ठेवतील, त्यांना नाही.

ते मला पटत होतं. पण जुन्या पेटीवर देवदिवाळीला तुटणार, आणि तुटलं की मान अक्षयकडे जाणार. नव्यावर तुटणार नाही, पण सगळ्यांना कळणार की सोनबाच थांबतो. तरी मान जाणारच. दोन्हीकडून तेच. शिवाय मामंजी खालच्या वाडीपर्यंत सांगून आले होते की आता वायर आलीय, आता काय अडकायचं नाय.

राजेशभावजींनी एक उपाय काढला. त्यांच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या देवदिवाळीचा व्हिडिओ होता. त्यातला दीपकचा हुंकार तेवढा कापून घेतला आहे, तो डावीकडे छोट्या स्पीकरवर लावला तर मामंजींना कळणारसुद्धा नाही, असं ते म्हणाले, आणि लगेच पाठवला. माझ्या मोबाईलवर तो आहे. मी उघडला नाही. मी त्यांना कळवलं की देवळात हे नको. ते "ठीक आहे वहिनी" म्हणाले, आणि जरा वेळाने, "मलापण लावायला जमलं नसतं."

आणि मी काहीच केलं नाही. डबा तसाच ठेवला. देवदिवाळीची सकाळ आली तशी वडे तळले, नैवेद्य भरला, समईत तेल घातलं. मामंजींनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं. आरशात बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला, ते खूप दिवसांनी बघितलं.

फोन लागला. तिकडे हॉल भरलेला असणार, खुर्च्या सरकल्याचे आवाज, लहान मुलं, कुणाचं तरी खोकणं, सगळं आमच्या देवळात उतरलं. धोंडूभाऊंनी सगळ्यांना गप्प केलं.

मामंजींनी पहिली ओळ म्हटली.

"होय म्हाराजा." शे-दोनशे माणसांचा हुंकार एका वेळेला आला. देवळाची घंटा हलली नाही, पण हलल्यासारखं वाटलं.

मामंजी थांबले. मान डावीकडे.

हॉलमध्ये आधी कुणी हललं नाही. मग कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हॅलो म्हणायला लागलं असावं, कारण 'ह' एवढाच ऐकू आला आणि धोंडूभाऊंचा आवाज आला, "थांब रे. लाईन गेली नाय. समई फुरफुरतेय ती ऐक. तो तिथंच हाय."

कुजबुज थांबली. मग धोंडूभाऊ फोनजवळ येऊन म्हणाले, "सोनबा, आम्ही ऐकतोय. लाईन झकास हाय."

मामंजींनी फोनकडे बघितलं, मग वायरीकडे, खांबाच्या कडेने गेलेल्या, मग त्यांच्या डाव्या अंगाच्या रिकाम्या फरशीकडे. बराच वेळ बघितलं. मी पायरीवर होते, सासूबाई माझ्याशेजारी. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"लाईन नाय अडकत," मामंजी म्हणाले. "मी अडकतोय."

त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"मला ऱ्हावत नाय, धोंडू. ओळ संपली की मी त्याची वाट बघतो. तुमचा हुंकार येतो, तो पोचतो मला, पन मी पुढं जात नाय. तुम्ही जरा थांबाल का?"

"थांबतो," धोंडूभाऊ म्हणाले. "तू घाल. आमच्यातल्या कुनाला गाडी पकडायची नाय."

तसंच झालं. मामंजी ओळ म्हणायचे, हॉल हुंकार द्यायचा, मग ते उभे राहायचे आणि हॉलही गप्प राहायचा. तेवढ्या माणसांत एकही खुर्ची सरकत नव्हती. कुणाचं मूल रडलं तर त्याला बाहेर नेल्याची पावलं ऐकू आली. मग मामंजी पुढची ओळ घ्यायचे. ऑपरेशनवालीचं गाऱ्हाणं झालं, नोकऱ्यांचं, लग्नांचं, दोन बाळंतपणांचं. एरवीपेक्षा कितीतरी वेळ लागला. नैवेद्य गार झाला. आमच्या घराची ओळ आली तेव्हा त्यांनी देवाला काही मागितलं नाही. 'एक हुंकार तू नेलास, तो तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे,' एवढंच म्हणाले. हॉलमधून 'होय म्हाराजा' आलं, ते एकदम नाही आलं, फुटकं फुटकं आलं. ती लाईन नव्हती.

मला तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी आत जाऊन समईची वात पुढे केली आणि पायरीवर परत आले.

नारळ फोडल्यावर धोंडूभाऊ पुन्हा फोनवर आले. मंडळाचं जे बोलणं झालं होतं ते त्यांना काढावंच लागलं, कारण हॉलमध्ये सगळे बसलेले होते. जरा चाचरतच विचारलं, "मग सोनबा, पुढचं कसं करायचं? अक्षय तयार हाय. तू म्हणशील तसं."

"अक्षयला धाड," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी पुन्हा माझं मनगट धरलं.

"मुंबईला नको बोलवू त्याला. हितं देवळात धाड. माझ्या डाव्या अंगाला उभा ऱ्हाऊ दे. हुंकार देनारा मानूस हातभर अंतरावर लागतो मला, वायरीवर भागत नाय. तुम्ही मागनं द्या, तुमचा येतोय चांगला."

"आन् गाऱ्हाणं?"

"गाऱ्हाणं मीच घालनार. ते काय विचारतोस?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. धोंडूभाऊ म्हणाले, "नाय, म्हनलं विचारून ठेवावं."

पुढच्या अमावास्येला अक्षय आला. कंपनीतून तसाच, मोटारसायकलवरून, पाय धुऊन डाव्या अंगाला उभा राहिला. तिशीतला आहे, अंगाने थोराड, दीपकसारखा कुठेच दिसत नाही. मामंजींनी पहिली ओळ सुरू केली आणि ती संपायच्या आतच त्याने "होय म्हाराजा" ठोकून दिलं. फोनमधल्या लोकांचा हुंकार त्याच्या मागून धावत आला.

मामंजींनी नारळ खाली ठेवला. "अरे, माझं होऊ तर दे. पाळी सुटल्याचा भोंगा झालाय काय?"

"चुकलं तात्या."

"चुकलं तर चुकलं. पुन्ना."

त्यांनी नारळ उचलला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. ती संपली. मान डावीकडे गेली, नेहमीसारखी. तिथे अक्षय ओठ घट्ट मिटून, त्यांच्या तोंडाकडे बघत, घाबरून उभा होता. मामंजींनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग मान हलवली, आता म्हण म्हणून.

तो म्हणाला. मामंजी पुढच्या ओळीवर गेले.